ईक्वलायझर ‘चालत नाहीये’ म्हणण्याआधी: तपासायचं काय, लिहायचं काय, मागायचं काय

ईक्वलायझर म्हणजे बास, ट्रेबल असे आवाजातले पट्टे कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर. त्याखालच्या तक्रारी बघा कधी. ‘काही फरकच पडत नाही’, ‘लावला की आवाज कमी होतो’, ‘अपडेटनंतर बंद पडलं’, आणि खाली एक स्टार. आता डेव्हलपरने यातून काय उचलायचं? त्याला तुमचा लॅपटॉप दिसत नाही, तुमचे हेडफोन ऐकू येत नाहीत, आणि आवाजाच्या बाबतीत तर स्क्रीनशॉट काढायचीपण सोय नाही. म्हणून ईक्वलायझरबद्दल फीडबॅक देणं हे बाकीच्या ॲपपेक्षा जरा जास्त कष्टाचं काम आहे, पण एकदा पद्धत बसली की अर्ध्या तक्रारी लिहायच्या आधीच सुटतात आणि उरलेल्या अशा लिहिल्या जातात की समोरच्याला त्यावर काम करता येतं.

मी उदाहरण म्हणून विंडोजवरचं ईक्वलायझर एपीओ घेतोय. जोनास थेडरिंग यांनी लिहिलेलं, फुकट, ओपन सोर्स. त्याला स्लायडर आणि बटणांचा चेहरा देणारं पीस हे वेगळं सॉफ्टवेअर आहे, ते पीटर फेरबेक यांचं. पुष्कळ जणांना हे दोन वेगळे प्रकार आहेत हेच माहीत नसतं आणि एकाची तक्रार दुसऱ्याच्या दारात जाते, त्याच्यावर पुढे बोलतो. अँड्रॉइडवर वेव्हलेट किंवा लिनक्सवर ईझी इफेक्ट्स वापरत असाल तरी बरंचसं लागू होईल.

पायरी १: सॉफ्टवेअर आवाजाच्या वाटेत आहे का ते बघा

सगळ्यात आधी हे. बास-ट्रेबल हलवून ‘फरक वाटतोय का’ असं बघू नका, त्यात काहीच कळत नाही, मनात असेल ते ऐकू येतं. सरळ प्रीअँप (सगळा आवाज एकदम कमी-जास्त करणारी सेटिंग) उणे ३० डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) करा आणि गाणं चालू ठेवा. आवाज धाडकन खाली गेला म्हणजे सॉफ्टवेअर वाटेत आहे, प्रश्न सेटिंगचा आहे. तसूभरही हलला नाही म्हणजे तुम्ही नळाच्या भलत्याच लाईनवरची तोटी फिरवताय, आणि अशा वेळी प्रीसेट (तयार सेटिंग) बदलत बसण्यात काही अर्थ नाही.

वाटेत नसेल तर कारणं ठरलेली आहेत. ईक्वलायझर एपीओ हे विंडोजच्या ऑडिओ इंजिनात एकेका डिव्हाइसला जोडलं जातं, म्हणजे स्पीकरला वेगळं, यूएसबी डॅकला (हेडफोनसाठी बाहेरून जोडायचं आवाजाचं यंत्र) वेगळं, ब्लूटूथला वेगळं. इन्स्टॉल करताना जी यादी येते तिच्यात तुमच्या डिव्हाइसवर टिक नसेल तर विषय संपला. ब्लूटूथचा घोळ अजून वेगळा, विंडोज १० मध्ये एकच हेडसेट दोन नावांनी दिसतो, एक स्टिरिओ आणि एक हँड्स-फ्री, आणि तुम्ही मीटिंगला बसलात, माईक चालू झाला की आवाज हँड्स-फ्रीवर जातो. तिथे टिक नसेल तर ईक्यू (ईक्वलायझरचा परिणाम) गायब. शिवाय त्या मोडमध्ये आवाजाचा दर्जाच पडतो, त्याला ईक्वलायझर काही करू शकत नाही, तो ब्लूटूथचा प्रश्न आहे.

दुसरं, विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड, मग आपलं डिव्हाइस, तिथे ऑडिओ एन्हान्समेंट्स म्हणून एक पर्याय असतो. ‘आवाज शुद्ध ठेवा, एन्हान्समेंट बंद करा’ असा सल्ला कुठेतरी वाचून लोक तो ऑफ करतात आणि त्याच्याबरोबर हे सॉफ्टवेअरही बंद पडतं, कारण ते त्याच यंत्रणेवर चालतं. तिसरं, तुमचा प्लेअर एएसआयओ किंवा वासापी एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये असेल तर तो विंडोजचं मिक्सर वगैरे बायपास करून थेट ड्रायव्हरशी बोलतो, तिथे सिस्टीमभरचा ईक्वलायझर लागणारच नाही. हा बग नाही, त्या मोडचा हेतूच तो आहे. आणि चौथं म्हणजे ड्रायव्हर किंवा विंडोजचा मोठा अपडेट. ड्रायव्हर नव्याने बसला की जोडणी पुसली जाते, मग डिव्हाइस निवडायचं टूल परत उघडून टिक करायची, रिस्टार्ट करायचं, बस. ‘अपडेटनंतर बंद पडलं’वाल्यांनी आधी हे करावं.

अँड्रॉइडवर हीच अडचण वेगळ्या रूपात येते. वेव्हलेटसारखं ॲप प्रत्येक प्लेअरचं ऑडिओ सेशन पकडतं, पण प्लेअरने ‘मी सेशन उघडलं’ असं सिस्टीमला कळवलंच नाही तर ते पकडणार कसं. एका ॲपवर ईक्यू लागतो आणि दुसऱ्यावर नाही, हे बहुतेक यामुळे. त्यात फोन बॅटरी वाचवायला मागची ॲप मारून टाकतो, मग आणखी गोंधळ. तक्रार लिहिताना कोणत्या ॲपवर लागतो आणि कोणत्यावर नाही हे लिहिलंत तर डेव्हलपरचे दोन दिवस वाचतात.

पायरी २: आवाज फाटतोय का, आणि का

डिजिटल आवाजाला वरची मर्यादा असते, शून्य डीबी. आजकालची गाणी आधीच त्या छताला टेकवून मास्टर केलेली असतात. त्यावर तुम्ही ६२ हर्ट्झला अधिक ६ डीबी दिले म्हणजे त्या पट्ट्यातला सिग्नल दुप्पट झाला, आता तो जाणार कुठे? एकतर फाटतो नाहीतर लिमिटर (आवाज मर्यादेच्या वर जाऊ न देणारा भाग) त्याला दाबतो आणि सगळं गाणं बासच्या प्रत्येक ठोक्याला आत-बाहेर केल्यासारखं वाटतं. ‘सॉफ्टवेअरने आवाज खराब केला’ ही तक्रार इथून येते.

उपाय साधा: जास्तीत जास्त जेवढं वाढवलंय तेवढं प्रीअँप खाली. शेजारशेजारचे दोन-तीन पट्टे एकदम वाढवले असतील तर त्यांची बेरीज होते, म्हणून नुसता सगळ्यात उंच स्लायडर बघून चालत नाही. ईक्वलायझर एपीओच्या एडिटरमध्ये खाली ॲनालिसिसचा भाग असतो, तिथे पीक गेनचा (सगळ्यात जास्त वाढ किती झाली त्याचा) आकडा येतो, तो शून्याच्या वर गेला नाही पाहिजे. माझं मत विचाराल तर वाढवण्यापेक्षा कमी करून काम भागतंय का ते आधी बघावं, बास कमी वाटतोय तेव्हा बऱ्याचदा २०० ते ४०० हर्ट्झच्या आसपासचा चिखल जास्त झालेला असतो.

पायरी ३: बरोबरीच्या आवाजात तुलना

हा भाग नीट वाचा कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

मोठा आवाज कानाला चांगला वाटतो. बास जास्त, वाद्यं मोकळी, सगळं कसं उठावदार. यात नवीन काही नाही, हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं की हळू आवाजात आपल्याला खालच्या आणि अगदी वरच्या फ्रिक्वेन्सी कमी ऐकू येतात, आवाज वाढवला की त्या वर येतात. आता हे ईक्वलायझरला लावून बघा. तुम्ही पायरी २ प्रमाणे शहाण्यासारखं प्रीअँप उणे ६ केलं. मग ईक्यू ऑन-ऑफ करून बघितलं. ऑफ केलं की आवाज थेट ६ डीबीने वर, म्हणजे ऑफच चांगलं वाटणार! आणि मग रिव्ह्यू येतो, ‘लावला की जीव जातो गाण्यातला’. उलट ज्या ॲपमध्ये प्रीअँप आपोआप खाली येत नाही तिथे ऑन केल्यावर आवाज वाढतो, आणि त्याला पाच स्टार मिळतात. दोन्ही निकाल खोटे.

करायचं असं. दोन कॉन्फिग फाइली (सेटिंग लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फाइली) बनवा. एकात तुमची पूर्ण सेटिंग. दुसऱ्यात एकही फिल्टर (एखादा पट्टा वाढवणारी-घटवणारी सेटिंग) नाही, फक्त प्रीअँप, सुरुवातीला तेवढंच उणे ६. मग गायकाचा आवाज स्पष्ट आहे असा एक तुकडा सतत वाजवत ठेवा आणि दोन्हीत गायकाचा आवाज सारखा वाटेपर्यंत दुसऱ्या फाइलचं प्रीअँप अर्धा अर्धा डीबी वरखाली करा. ड्रमवर किंवा बासवर जुळवू नका, तेच तर तुम्ही बदललंय. ईक्वलायझर एपीओमध्ये मुख्य कॉन्फिग फाइलीत फक्त एक इन्क्लूडची (दुसरी फाइल बोलावणारी) ओळ ठेवायची आणि त्या ओळीतलं फाइलीचं नाव बदलून सेव्ह करायचं, सेव्ह केल्या केल्या बदल लागू होतो, काही बंद-चालू करावं लागत नाही. पीसमध्ये प्रीसेटला हॉटकी देता येते ते तर अजून सोपं. आणि जमलं तर घरातल्या कुणाला तरी ती की दाबायला सांगा, तुम्ही स्क्रीनकडे पाठ करून बसा. आता जे ऐकू येईल त्याच्यावर तक्रार करा किंवा कौतुक करा, दोन्हीला वजन असेल.

पायरी ४: दोष कुणाचा आणि दार कुठलं

आधी दोष बारीक करायचा. वीस फिल्टरची कॉन्फिग तशीच पाठवू नका. अर्धे फिल्टर बंद करा, दोष राहिला का? राहिला तर उरलेल्यातले अर्धे बंद करा. असं करत करत एक-दोन ओळींवर या. बऱ्याचदा इथेच सापडतं की कुठलीतरी जुनी ओळ मध्येच पडलेली होती.

मग दार. पीस पूर्ण बंद करा आणि ईक्वलायझर एपीओची कॉन्फिग फाइल नोटपॅडमध्ये उघडून, पीसला बोलावणारी इन्क्लूडची ओळ काढून तोच एक फिल्टर हाताने लिहा. दोष तसाच आहे तर इंजिनाचा, गेला तर पीसचा. एवढी एक चाचणी केलीत तरी दोन्ही डेव्हलपर तुमचे आभार मानतील.

लॅपटॉपवर डॉल्बी नाहीतर कंपनीचं काहीतरी साउंड एन्हान्सर आधीपासून बसलेलं असतं, ते बंद करून बघा. दोन ईक्वलायझर एकावर एक चालत असतील तर कोणाचं काय हे देवालाही सांगता येणार नाही.

प्रीसेटची तक्रार वेगळी. ऑटोईक्यू हा याको पासानेन यांचा प्रकल्प, त्यात खूप हेडफोनच्या मोजणीवरून बनवलेली प्रीसेट मिळतात आणि लोक ती डाउनलोड करून ‘बास नाही’ म्हणतात. अहो, इयरफोनची टिप कानात नीट बसली नाही तर बास तसाही निघून जातो, चष्म्याची काडी मध्ये आली तरी हेडफोनचा सील सुटतो. आणि एका ॲपचं प्रीसेट दुसऱ्यात आकडे उतरवून घेतलं तर तेही जसंच्या तसं लागेल याची खात्री नाही. शेल्फ फिल्टरमध्ये (एका फ्रिक्वेन्सीच्या वरचं किंवा खालचं सगळं वाढवणारा-घटवणारा) कोणी दिलेली फ्रिक्वेन्सी उताराचा मध्य धरतं, कोणी उताराचं टोक. क्यूचा (फिल्टर किती अरुंद ते सांगणारा आकडा) अर्थही सगळीकडे एक नाही. आकडे तेच, आवाज वेगळा. याला बग म्हणू नका, ‘या ॲपचं प्रीसेट इम्पोर्ट करता आलं तर बरं’ अशी मागणी करा.

अजून एक नेहमीचं: कन्व्होल्यूशनची फाइल (आवाज कसा बदलायचा ते साठवलेली ध्वनिफाइल) लावली आणि काहीच झालं नाही. फाइल ४४.१ किलोहर्ट्झची आणि डिव्हाइस ४८ वर असेल तर असं होतं, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो आकडा) जुळवा. आणि डिव्हाइसच्या यादीत माईकवरही टिक केली असेल तर तीच सेटिंग माईकलाही लागते, मग मीटिंगमध्ये लोक म्हणतात तुझा आवाज घुमतोय. कॉन्फिगमध्ये डिव्हाइसचं नाव देऊन वेगळं करता येतं.

पायरी ५: रिपोर्ट लिहिणं

एक नमुना देतो, समजा अशी अडचण आहे:

शीर्षक: ब्लूटूथ हेडसेटवर कॉल संपल्यावर ईक्यू परत लागत नाही.

सिस्टीम: विंडोज ११, अमुक आवृत्ती. ईक्वलायझर एपीओची आवृत्ती अमुक. पीस बंद. लॅपटॉपचं साउंड एन्हान्सर बंद.

पायऱ्या: एक, कॉन्फिगमध्ये फक्त प्रीअँप उणे ३० डीबी. दोन, ब्राउझरमध्ये गाणं चालू, आवाज अपेक्षेप्रमाणे खूप हळू. तीन, व्हिडिओ कॉल जोडला, एक मिनिटाने तोडला. चार, गाणं परत चालू.

काय व्हायला हवं होतं: आवाज हळूच राहायला हवा.

काय झालं: आवाज पूर्ण मोठा. हेडसेट डिस्कनेक्ट करून परत जोडला की ठीक.

किती वेळा: दर वेळी. वायरच्या हेडफोनवर एकदाही नाही.

एवढंच. यात ‘आवाज चपटा वाटतो’, ‘मजा येत नाही’ असलं काही नाही, उणे ३० ठेवल्यामुळे कानाचा प्रश्नच राहिला नाही, लागतो किंवा लागत नाही. आवाजाच्या पोताबद्दलच तक्रार असेल तर मात्र आकड्यात उतरवायचा प्रयत्न करा. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये साइन टोन (एकाच फ्रिक्वेन्सीचा सपाट सूर) बनवा, १००० हर्ट्झचा, आणि सांगा की या टोनवर स्लायडर सरकवताना टक टक असा आवाज येतो. गाण्यात हे लपून जातं, टोनवर लपत नाही. टोन वाजवताना व्हॉल्यूम आधी कमी करा, कान आपलेच आहेत.

कॉन्फिगचा फोटो काढून पाठवू नका, मजकूर कॉपी करून पेस्ट करा, म्हणजे समोरचा तसाच आपल्या मशीनवर चिकटवून बघेल. लॉग फाइल मागितली तर द्या, पण पाठवण्याआधी नजर टाका, फोल्डरच्या पत्त्यात तुमचं नाव असू शकतं. बहुतेक ठिकाणी इंग्रजीत लिहावं लागतं, तर मोडकंतोडकं चालतं, छोटी वाक्यं आणि आकडे बरोबर असले की झालं. आणि एका रिपोर्टमध्ये एकच दोष. चार गोष्टी एकत्र लिहिल्या की सोपी असेल ती सुटते, रिपोर्ट बंद होतो, बाकीच्या तीन गेल्या वाऱ्यावर.

पायरी ६: सुधारणा मागायची कशी

बटण मागू नका, काम सांगा. उदाहरण घ्या. कोणी लिहितं, ‘दहा पट्ट्यांच्या ईक्वलायझरमध्ये ५० हर्ट्झचा स्लायडर द्या’. डेव्हलपर म्हणणार, पट्टे ३१, ६२, १२५ असे दुपटीने जातात, मध्येच ५० कुठून आणू. पण मूळ काम काय होतं? घरातल्या जुन्या कॅसेटवरचं भजनाचं रेकॉर्डिंग, त्यात मागे सतत घूंऽऽ असा हम. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तो हम तिथला, आणि त्याच्याबरोबर १०० आणि १५० वरही त्याची पिल्लं असतात. ६२चा स्लायडर खाली ओढला तर हम कमी होतो खरा, पण डग्ग्याचा आणि पखवाजाच्या धुमेचा भरीवपणाही त्याच्याबरोबर जातो, कारण अशा ठरलेल्या स्लायडरच्या, म्हणजे ग्राफिक ईक्वलायझरचा पट्टा रुंद असतो. हे काम पॅरामेट्रिक फिल्टरचं (ज्यात फ्रिक्वेन्सी, रुंदी आणि वाढ-घट आपण ठरवतो): फ्रिक्वेन्सी ५०, क्यू ३० च्या आसपास, गेन उणे २०, आणि तसेच दोन १०० व १५० ला. सुईसारखी खाच पडते, आजूबाजूला धक्का लागत नाही. कॅसेटचा वेग थोडा चुकलेला असेल तर हम ४९ किंवा ५१ वरही सापडतो, तेव्हा एक-दोन हर्ट्झ सरकवून बघायचं. आता मागणी लिहा: ‘जुन्या रेकॉर्डिंगमधला विजेचा हम काढायचा आहे, तीन अरुंद फिल्टर हाताने लावावे लागतात, एक हम काढायचा प्रीसेट मिळाला तर सोयीचं’. हे कुणालाही पटेल आणि करायलाही सोपं.

काही मागण्या का नाकारल्या जातात तेही समजून घ्या. ‘प्रत्येक ॲपला वेगळा ईक्यू द्या’ ही सदाबहार मागणी आहे, पण ईक्वलायझर एपीओ डिव्हाइसला जोडलेलं असतं, त्याच्यापर्यंत आवाज येतो तेव्हा ब्राउझर आणि गेम एकत्र मिसळलेले असतात, दूध-पाणी वेगळं करायला सांगण्यासारखं आहे ते. त्यापेक्षा विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमधून एका ॲपचं आउटपुट दुसऱ्या डिव्हाइसवर पाठवा आणि त्या डिव्हाइसला वेगळी सेटिंग द्या, काम होतं.

ॲप बनवणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी

हे वाचणाऱ्यात इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टला किंवा हौसेने अँड्रॉइडवर ईक्वलायझर बनवणारेही असणार, म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने यादी देतो, महत्त्वाच्या क्रमाने. बायपासचं (ईक्यू तात्पुरता बंद करायचं) बटण दाबल्यावर आवाजाची पातळी साधारण सारखी राहिली पाहिजे, नाहीतर वर सांगितलं तसे खोटे रिव्ह्यू येत राहणार. प्रीअँप आपोआप खाली येऊ दे, पण बंद करायचीही सोय ठेवा. स्लायडरच्या शेजारी आकडा टाइप करता आला पाहिजे, बोटाने २.५ डीबी लावणं म्हणजे वैताग आहे. डबल टॅप केलं की शून्य. अनडू, अनडू, अनडू. स्लायडर सरकवताना गेन टप्प्याटप्प्याने नाही, गुळगुळीत बदलला पाहिजे, नाहीतर खरखर येते.

आणि स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. एनव्हीडीए किंवा टॉकबॅक घेऊन स्लायडरवर गेलं की ‘स्लायडर, ५० टक्के’ एवढंच ऐकू येतं, मग दृष्टिहीन माणसाने त्याचं करायचं काय? ‘२५० हर्ट्झ, उणे ३ डीबी’ असं बोललं पाहिजे. कानावर सगळ्यात जास्त भिस्त असलेल्या लोकांनाच ईक्वलायझर वापरता येऊ नये हे बरोबर नाही, आणि लेबल लावणं हे काही मोठं काम नाही.

शेवटचं, सेटिंगमध्ये एक ‘माहिती कॉपी करा’ बटण द्या. ॲपची आवृत्ती, सिस्टीमची आवृत्ती, डिव्हाइसचा प्रकार, सॅम्पल रेट, चालू फिल्टर, सगळं मजकुरात. वापरणाऱ्याने चिकटवलं की अर्धा रिपोर्ट तयार.

दुरुस्ती आली की

डेव्हलपरने टेस्ट बिल्ड (तपासून बघायची आवृत्ती) दिली तर बसवण्याआधी कॉन्फिगचं अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. मग रिपोर्टमध्ये लिहिलेल्या त्याच पायऱ्या, त्याच क्रमाने, उणे ३० डीबीनेच करून बघा, तुमच्या आवडत्या प्रीसेटवर थेट उडी मारू नका. गेलं तर ‘गेलं’ म्हणून आवृत्तीच्या आकड्यासकट कळवा, नाही गेलं तर कुठल्या पायरीवर अडकलं ते. आणि तुमचा प्रश्न मधल्या काळात ड्रायव्हर बदलून किंवा डिव्हाइस परत टिक करून आपोआप सुटला असेल तर तेही त्याच रिपोर्टखाली दोन ओळीत लिहून टाका, कारण पुढच्या महिन्यात त्याच अडचणीवाला माणूस शोधत शोधत तिथेच येणार आहे.